उजव्या बाजूचा रस्ता

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे आपण सारे गृहीत धरता. ते महत्त्व आपण जाणता, म्हणूनच मुलांना येथे पाठवता. तेव्हा मी आज जरा निराळ्या विषयावर बोलणार आहे. विषय रस्त्याचा आहे. रस्ता मात्र आपल्या गावचा नव्हे, परमुलखातला.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, या साऱ्या भागांत आपल्या समाजातील असे घर क्वचितच सापडेल, ज्याचा एखादा माणूस आखातात नाही किंवा पूर्वी नव्हता. कोणी दुकानात आहे, कोणी कार्यालयात, कोणी जहाजावर. आणि पुष्कळ जण गाडी चालवतात. कोणी कफीलच्या घरचा ड्रायव्हर, कोणी ट्रकवर, कोणी कंपनीच्या पिकअपवर. मुलगा निघतो तेव्हा आपण सारे काही तपासतो. पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय दाखला, करारनामा. अम्मी लोणच्याची बरणी आणि सोडे बांधून देते. पण ज्या रस्त्यावर तो रोज दहा-बारा तास काढणार आहे, तो रस्ता आपल्या रस्त्याच्या नेमका उलट चालतो, याविषयी घरात एक शब्दही निघत नाही. "तिकडे गाडी उजवीकडून चालते" एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसे जखमी होतात.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, कारण इंग्रजांनी तो नियम येथे आणला. त्यांच्या देशात १८३५ सालच्या कायद्याने डावी बाजू सक्तीची झाली आणि त्यांचे राज्य जेथे जेथे गेले तेथे बहुतेक ठिकाणी हा नियमही गेला. फ्रान्स आणि युरोपचा बहुतेक भाग उजवीकडे गेला, अमेरिकाही उजवीकडे गेली. आज जगातील साधारण एक तृतीयांश लोक डाव्या बाजूच्या देशांत राहतात, बाकीचे उजव्या. शेजारच्या गोव्याची गोष्ट तर गमतीची आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशात उजवी बाजू स्वीकारली, पण गोव्यात डावी बाजूच राहिली, कारण तिन्ही बाजूंना इंग्रजी मुलूख होता आणि हद्द ओलांडताना प्रत्येक गाडीने बाजू बदलणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यामध्ये मात्र ही अडचण आजही आहे. तोरखमच्या नाक्यावर डावीकडून आलेली गाडी पलीकडे उजवीकडून चालू लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यातील काही भोळी माणसे म्हणतात, उजवा हात आणि उजवे पाऊल यांना आपल्या दीनमध्ये मान आहे, म्हणून अरब उजवीकडून गाडी चालवतात. ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. पाकिस्तान, बांगलादेश, मलेशिया, इंडोनेशिया ही मुस्लिम बहुसंख्य राष्ट्रे डावीकडूनच गाड्या चालवतात. खुद्द बहारीनमध्ये १९६७ पर्यंत डावी बाजू होती, आणि शेजारी देशांशी मेळ बसावा म्हणून ती बदलली. एडनसह दक्षिण येमेनने तर १९७७ साली बदल केला. हा व्यवहाराचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नाही. बाजू कोणतीही असो, सर्वांनी एकच पाळावी एवढाच त्याचा अर्थ.

आता गाडीत बसल्यावर काय काय बदलते ते पाहू. विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे, कारण तुमच्यापैकी काही जण आणखी पाच-सात वर्षांनी तिकडे असतील. मुलींनीही द्यावे. सौदी अरेबियात २०१८ पासून स्त्रियांनाही वाहन चालवण्याचा परवाना मिळतो.

उजव्या बाजूच्या देशात स्टिअरिंग डावीकडे असते. पहिल्या दिवशी नवखा माणूस सवयीने उजवे दार उघडून बसतो आणि समोर स्टिअरिंग नाही हे पाहून स्वतःशीच हसतो. ही चूक निरुपद्रवी. सीटबेल्टसाठी हात उजव्या खांद्याकडे जातो, तो डाव्या खांद्याकडे न्यावा लागतो. आतला आरसा आपण डावीकडे वर पाहतो, तो तेथे उजवीकडे वर असतो. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर यांचा क्रम मात्र बदलत नाही, आणि हे फार मोठे सुख आहे. गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात, पण त्यांचा नकाशा तोच राहतो. म्हणजे पहिला गिअर आपल्याकडे अंगापासून दूर असतो, तो तेथे अंगाजवळ येतो. ऑटोमॅटिक गाडीत हा प्रश्न उद्भवत नाही. ट्रक आणि पिकअपवाल्यांना तो पुष्कळदा येतो.

हे सारे दोन-चार दिवसांत जमते. खरी अडचण गाडीच्या रुंदीची आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडीचे बाकीचे अंग त्याच्या डावीकडे पसरलेले असते. वर्षानुवर्षे त्याच्या नजरेला तोच अंदाज बसलेला असतो. तिकडे तो डावीकडे बसतो, पण रस्त्यावर स्वतःला मात्र जुन्याच जागी ठेवू पाहतो. परिणामी गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते, उभ्या गाड्यांचे आरसे घासते, कधी रस्त्याच्या कडेला उतरते. यावर उपाय एकच. चालक कोणत्याही देशात असो, त्याची स्वतःची जागा रस्त्याच्या मध्यरेषेकडे असते आणि गाडीचे दुसरे अंग कडेकडे असते. आपल्याकडे मध्यरेषा उजव्या खांद्याशी, तेथे डाव्या खांद्याशी. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर डावे-उजवे पाठ करावे लागत नाही.

वळणाचेही तसेच. आपल्याकडे डावे वळण आखूड आणि उजवे वळण लांब, कारण उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते. तेथे उजवे वळण आखूड, डावे लांब. मोठ्या रस्त्यावर, जेथे ताशी १२० किलोमीटर वेगाने गाड्या धावतात, तेथे सर्वांत डावीकडची पट्टी वेगवान गाड्यांची असते आणि सावकाश जाणाऱ्याने उजवीकडे राहायचे असते. आपला मुलगा जुन्या सवयीने "कडेने जाऊ, सावकाश जाऊ" म्हणून डावी कड धरतो आणि नेमका वेगाच्या तोंडी जातो. मागून हेडलाइटची उघडझाप सुरू झाली की गोंधळतो.

आणि चौकातले वर्तुळ, ज्याला अरबीत दव्वार म्हणतात. आपल्याकडे वर्तुळाभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, वर्तुळ चालकाच्या उजव्या हाताला राहते. तेथे ते डाव्या हाताला ठेवून उलट फिरावे लागते, आणि आत आधीच फिरत असलेल्या गाडीला वाट द्यावी लागते. ती गाडी डावीकडून येते. हे कसे लक्षात ठेवावे, असे मला एका पालकांनी विचारले. बेअदबी मानू नका, पण सांगतो. तवाफ करताना काबा कोणत्या हाताला असतो? डाव्या. ज्याने उमरा केला आहे त्याला ही दिशा पुन्हा शिकवावी लागत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग आहेत. त्यांनी कुवेतमध्ये पुष्कळ वर्षे ट्रक चालवला. मी त्यांना विचारले, "चाचा, नवा माणूस चुकतो कधी? पहिल्या दिवशी?" ते म्हणाले, "नाही मास्तर. पहिल्या दिवशी तो घाबरलेला असतो, डोळ्यांत तेल घालून चालवतो. गर्दीतही चुकत नाही, पुढच्या गाडीच्या मागे मुकाट जातो. चुकतो तो पंधरा-वीस दिवसांनी, फजरनंतर, रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. आजूबाजूला एकही गाडी नसते, मग हात जुन्या गावाला जातो."

हात जुन्या गावाला जातो, हे त्यांचे शब्द मी मुद्दाम तसेच ठेवले आहेत. समोर दुसरी गाडी असली तर ती आपल्याला बाजू दाखवते. रस्ता मोकळा असला की बाजू दाखवणारे कोणी राहत नाही, आणि डोके दुसऱ्या विचारात असले की हात लहानपणापासून जे पाहिले तेच करतो. म्हणून पंप, गाड्या उभ्या करण्याची जागा, कंपनीचे फाटक, एकेरी रस्त्याचा शेवट, या चार ठिकाणी विशेष जपले पाहिजे. चाचा गाडी सुरू करताना मोठ्याने "यमीन" म्हणत. यमीन म्हणजे उजवा. शेजारी बसलेले हसत, पण चाचांनी ती सवय शेवटच्या फेरीपर्यंत सोडली नाही.

चाचांच्या या अनुभवाला एका संपूर्ण राष्ट्राचा दाखला आहे. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहने डावीकडून चालत, शेजारी नॉर्वे आणि फिनलंड मात्र उजवीकडे होते. १९५५ साली तेथील जनतेला मत विचारले, तेव्हा शेकडा ८० हून अधिक लोकांनी बदलाला नकार दिला. तरीही १९६३ साली त्यांच्या संसदेने बदलाचा निर्णय घेतला आणि चार वर्षे तयारी केली. दुधाच्या पाकिटांवरसुद्धा या बदलाचे चिन्ह छापले. ३ सप्टेंबर १९६७, रविवार. मध्यरात्रीनंतर एक वाजल्यापासून खाजगी वाहने बंद. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावर जी थोडी वाहने होती ती थांबली, हळूहळू उजव्या बाजूला नेली गेली, आणि पाच वाजता पुन्हा चालू लागली. सर्वांना वाटले होते की अपघातांचा कहर होईल. झाले उलटेच. सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. पुढे दोन वर्षांच्या आत भीती सरली आणि अपघातांचे प्रमाण पूर्वीच्या पातळीवर आले. म्हणून नवख्या मुलाला फोनवर "पहिले दोन दिवस जपून चालव" एवढेच सांगून भागत नाही. तिसऱ्या आठवड्यातही फोन करून विचारावे.

परवान्याविषयी थोडक्यात सांगतो. येथला परवाना खिशात आहे म्हणजे तिकडे लगेच गाडी मिळाली, असे समजू नये. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयाला तेथील परीक्षा द्यावी लागते, आणि कित्येक जण तीत एकदा-दोनदा नापास होतात. त्यात पैसा जातो, मन खट्टू होते. माझ्या मते ही परीक्षा म्हणजे जाच नव्हे. जुनी सवय मोडायला मिळालेली ती मुदत आहे. जो एजंट "परीक्षेची काळजी नको, सगळे होईल" असे सांगतो, त्याच्यापासून मुलाला दूर ठेवावे.

आता जे गाडी चालवत नाहीत त्यांच्याविषयी, आणि माझ्या दृष्टीने हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आपले वडीलधारे हजला आणि उमऱ्याला जातात. सत्तरीची माणसे, ज्यांनी आयुष्यात स्कूटरही चालवलेली नाही. त्यांना वाटते, आम्हाला डाव्या-उजव्याशी काय करायचे? पण मक्केत आणि मदिनेत राहत्या जागेतून बाहेर पडले की रस्ता ओलांडावा लागतोच. आपल्याकडे लहान मुलांना शिकवतात, आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. साठ-सत्तर वर्षे मान आपोआप उजवीकडे वळते. तिकडे पहिली गाडी डावीकडून येते. हाजीसाहेब उजवीकडे पाहतात, रस्ता मोकळा दिसतो, पाऊल टाकतात.

हे केवळ आपल्या साध्याभोळ्या माणसांचे होते असे समजू नका. विन्स्टन चर्चिल, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले, ते डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला गेले होते. जग हिंडलेला, ५७ वर्षांचा, देशाचा अर्थमंत्री राहिलेला माणूस. टॅक्सीतून उतरून ते फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू ओलांडू लागले. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर इंग्लंडच्या सवयीने त्यांनी डावीकडे पाहिले, आणि उजवीकडून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले. जबर मार बसला, रुग्णालयात राहावे लागले. मोटार चालवणाऱ्याचा दोष नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. लंडनमध्ये आज कित्येक ठिकाणी पादचाऱ्यांसाठी जमिनीवरच "उजवीकडे पाहा" असे रंगवलेले असते, ते उजव्या बाजूच्या देशांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठीच.

तेव्हा हजच्या तयारीत एहराम बांधायला शिकवतो तसा रस्ता ओलांडायलाही शिकवावे. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे तोंडी सांगून उपयोग नाही. अंगणात उभे करून मान वळवायला लावावी, दहा वेळा, वीस वेळा. नातवंडांनी हे काम घ्यावे. आजोबा रागावतील, पण करतील. आणि लहान मुलांना शिकवताना नुसते "उजवीकडे पाहा" असे न शिकवता "आपल्या बाजूची गाडी जिकडून येते तिकडे आधी पाहा" असे कारणासकट शिकवावे, असे माझे मत आहे. कारण समजले की देश बदलला तरी शिकवण कामी येते.

शेवटची गोष्ट परतीची. सुट्टीवर आलेल्या मुलाची.

दोन-तीन वर्षे तिकडे गाडी चालवून मुलगा दोन महिन्यांसाठी घरी येतो. विमानतळावर पहाटे उतरतो, झोप नाही, मुंबईहून रात्रभर प्रवास. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भावाची मोटारसायकल काढतो आणि मासळी आणायला बंदरावर निघतो. मोटारगाडीत निदान स्टिअरिंगची जागा आठवण करून देते की आपण कोठे आहोत. मोटारसायकल दोन्ही देशांत सारखीच. बसायची जागा तीच, ब्रेक तेच, हँडल तेच. तिच्यात आठवण करून देणारे काही नाही. त्यातून आपल्या आतल्या रस्त्यांवर मध्यरेषा नसते. एकच गाडी जाईल एवढा डांबराचा पट्टा, दोन्हीकडे जांभा दगडाचे गडगे, आणि वळणापलीकडचे दिसत नाही. वळणावर समोरून टेम्पो आला तर विचार करायला वेळ कोठे असतो? टेम्पोवाला आपल्या डावीकडे घेतो, हा आपल्या उजवीकडे घेतो, म्हणजे दोघेही रस्त्याच्या एकाच कडेला जातात.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. कतारहून आलेला, घरचा कर्ता मुलगा. सुट्टीचा तिसरा दिवस. जीव वाचला, अल्लाहचे शुक्र. पण मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या. परत जायची तारीख उलटून गेली, आणि मालकाने वाट पाहिली नाही. धाकट्या बहिणीचे बारावीनंतरचे शिक्षण त्याच्या पगारावर अवलंबून होते. ती मुलगी हुशार आहे, संस्थेच्या शिष्यवृत्तीवर आता शिकते आहे, म्हणून मला हे सारे माहीत. गावात लोक म्हणाले, नजर लागली. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, मला टेम्पो दिसला होता. मी वेळेवर बाजू घेतली. फक्त ती दोह्याची बाजू होती."

म्हणून माझी पालकांना, विशेषतः मातांना, एक विनंती आहे. मुलगा सुट्टीवर आला की पहिला आठवडाभर मोटारसायकलची चावी कपाटात ठेवा. त्याला राग आला तर येऊ द्या. बाहेर जायचेच असेल तर धाकट्या भावाच्या मागे बसवून पाठवा. चार दिवस मागे बसून रस्ता पाहिला की डोळा पुन्हा गावाला रुळतो. त्यानंतर प्रथम दिवसाउजेडी, वस्तीतल्या वर्दळीच्या रस्त्यावर चालवू द्या, कारण पुढची गाडी बाजू दाखवते. रिकामा रस्ता, पहाट आणि रात्र ही सर्वांत शेवटी. आणि सुट्टी संपवून तो परत जाईल, तेव्हा हाच पाठ तिकडे उलट बाजूने पुन्हा गिरवावा लागेल. ते त्याला विमानतळावर निरोप देताना सांगा.

मगरिबची वेळ होत आली आहे. ज्यांच्या घरून यंदा कोणी हजला जाणार आहे, त्यांनी नमाजनंतर मला व्हरांड्यात भेटावे. नववीची दोन मुले मी तयार केली आहेत, ती घरी येऊन आजी-आजोबांना रस्ता ओलांडण्याचा सराव करून देतील. खुदा हाफिज.